नजरेनं चालणारं यंत्र

प्रत्येक युगाचं आपलं एक यंत्र असतं, आणि ते ज्या तळहातावर पहिल्यांदा विसावतं त्या हाताच्या घराण्याचं नाव मागं राहतं, हा विचार शरणबसप्पा बिराजदारांच्या मनात शिरला तेव्हा ते नळदुर्गला हायवेलगतच्या ज्ञानोबाच्या हॉटेलात बशीतला चहा फुंकत होते. विचार त्यांचा नव्हता. भिंतीवरच्या टीव्हीत एक टाय लावलेला मुलगा तो ओरडून सांगत होता आणि त्याच्या पोटाखालून सोयाबीनचे भाव सरकत होते. शरणबसप्पांना भावात रस होता, तोही सोयाबीन बरं गेलं तर दिवाळीला साड्या बऱ्या जातात एवढ्यापुरताच. त्यांचं कापडाचं दुकान होतं. पण मुलगा भावांपेक्षा मोठ्यानं बोलत होता, आणि माणूस शेवटी मोठ्या आवाजाकडं बघतो.

गेला आठवडाभर हेच चाललं होतं. बंगळुरूत एक कंपनी आहे, ती एक वस्तू बनवते आहे, ती वस्तू मुठीत मावते आणि तिच्यात सगळं इंटरनेट मावतं, एवढीच बातमी होती. कंपनी स्वतः काही बोलत नव्हती, त्यामुळं बाकीच्यांना बोलायला मोकळं रान मिळालं होतं. कुणी म्हणे तिला पडदा नाही, कुणी म्हणे बटण नाही. एका चॅनेलवर दोन माणसं फोन मेला की नाही यावर भांडायची, आणि भांडणाच्या मधल्या वेळात फोनच्याच जाहिराती लागायच्या. कंपनीचं नाव पाच अक्षरांचं होतं आणि त्यातली दोन अक्षरं आकडे होती; शरणबसप्पांना ते नीट म्हणता येत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी शिवलीला तिथं कामाला होती, म्हणजे कामाला आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. काय काम, असं विचारलं की ती म्हणायची, आप्पा, सांगायला बंदी आहे, सही घेतलीय. सुरुवातीला त्यांना वाटलं पोरगी टाळतेय. मग वाटलं, लष्करासारखं काहीतरी असावं. आणि मग जगदेवी, त्यांची बायको, गेल्यावर कंपनीची बंदी कुठं संपते आणि लेकीची कुठं सुरू होते हे त्यांना कळेनासं झालं. जेवलीस का, जेवले. तुम्ही, जेवलो. पाऊस, नाही. फोन असा व्हायचा, आणि दोघंही तो न चुकता करायचे.

तेवढ्यात पडद्यावर फोटो आला. कुणीतरी कुठल्याशा कॅफेत चोरून काढलेला, हललेला. एक डावा हात, तळवा वर, आणि तळव्यात काळं, गोल काहीतरी. चॅनेलनं त्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं आणि वर्तुळाकडं बाण दाखवला होता, जसं काही त्या चित्रात बघण्यासारखं दुसरं काही होतं. शरणबसप्पांची बशी ओठापाशी थांबली. हात कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं, पण ते धरणं त्यांनी ओळखलं. कोपर अंगाला टेकलेलं, तळवा छातीच्या उंचीवर, बोटं किंचित वर वळलेली, ओंजळीत पाणी घेताना वळतात तशी. असं धरणं त्यांनी वैशाखात स्वतःच्या देवघरात बघितलं होतं, आणि तेव्हापासून आजवर ती सकाळ त्यांनी मनात घडी घालून ठेवली होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती हळूच उलगडायची आणि पुन्हा त्याच घडीवर मिटायची. बाण सरळ तिथं येऊन लागला.

"आप्पा, ही आपल्या लीलाचीच कंपनी न्हवं?" ज्ञानोबानं गल्ल्यावरून विचारलं.

"व्हय."

"मग तुमाला ठावं असंल काय बनवायलेत ते."

"आता कळालं," शरणबसप्पा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. ज्ञानोबाला वाटलं, आप्पा लेकीच्या अभिमानानं लईच फुगले. अभिमानी माणसाला दुखवू नये म्हणून त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

वैशाखात जगदेवीच्या दुसऱ्या पुण्यस्मरणाला शिवलीला आली होती. जंगम स्वामी येऊन गेले, पंगत उठली, भांडी घासून झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शरणबसप्पा तिला चहा द्यायला गेले तर ती खोलीत नव्हती. देवघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत ती पाठमोरी बसलेली. ओल्या केसांचं पाणी पाठीवरून पाटावर ठिबकत होतं, मान खाली, डावा हात पुढं. काखेखालून तिच्या तळव्यातलं काळं काहीतरी निमिषभर दिसलं आणि ती जराशी सरकली तसं झाकलं. मग ती हलली नाही. शरणबसप्पा दारातच उभे राहिले. मग एकेक पाऊल मागं घेत स्वयंपाकघरात आले आणि कप ओट्यावर ठेवून त्यावर साय धरेपर्यंत बघत बसले. बाहेर हैदराबादच्या दिशेनं जाणारा कुठला तरी ट्रक गिअर बदलत चढ चढत होता, आणि तो आवाज त्यांना त्या दिवशी फार चांगला वाटला. पोरगी पूजेला बसली होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारल्या की मोडतात, एवढा संसार त्यांनी केला होता.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगायचं तर असं, की लिंगायताच्या गळ्यात लहानपणी जे लिंग येतं ते मेल्यावरसुद्धा त्याला सोडत नाही. पुरताना ते डाव्या हातात ठेवतात. रोज अंघोळ झाली की ते गळ्यातल्या डबीतून काढायचं, डाव्या तळव्यावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान मिळालं तर ठेवायचं, आणि मग त्याच्याकडं बघत बसायचं. मागायचं काही नाही. नुसतं बघायचं. शरणबसप्पा साठ वर्षं बघत आले होते, आणि तुम्हाला तिथं काय दिसतं असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी यंदा मोतिया रंगाला मागणी कशी वाढलीय यावर बोलायला सुरुवात केली असती. जगदेवी मात्र बोलायची. ती अक्कलकोटच्या पलीकडची, तिची पूजा कन्नडात चालायची, आणि कधी कधी ती तळव्याकडं बघून चक्क भांडायची, शेजारणीशी भांडावं तसं. पोरगी लहान असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते भांडण ऐकत झोपायची.

सोलापूरच्या दवाखान्यात जगदेवीला ऑपरेशनसाठी आत नेताना नर्सनं अंगावरचं सगळं काढून द्यायला सांगितलं. नियमच होता, आणि नर्स बिचारी नीट बोलली. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली, मंगळसूत्र निघालं, जगदेवी काही बोलली नाही. शिवलीलेनं लिंगाच्या डबीला हात लावला तेव्हा तिनं तिचं मनगट धरलं. "ब्याड," म्हणाली. नको. इतक्या वर्षांच्या मराठी संसारानंतर तेवढ्या वेळेला तिला माहेरचाच शब्द सापडला. शिवलीला म्हणाली, अव्वा, थोडाच वेळ, बाहेर आलीस की लगेच घालते. गाठ सुटेना म्हणून तिनं दोरा दातानं तोडला. मग ती डबी मुठीत घेऊन बाहेरच्या बाकावर बसली, आणि शरणबसप्पा तिच्या शेजारी बसले, आणि समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं ते दोघांनी पुन्हा पुन्हा वाचलं. मूठ उघडली ती जगदेवीच्या गार हातात ते ठेवायलाच. माती देऊन आल्यावर शिवलीलेनं स्वतःच्या गळ्यातलं काढलं आणि डबीसकट पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. चिडून नाही. चिडली असती तर शरणबसप्पांना बरं वाटलं असतं, चिडलेलं माणूस कधीतरी निवतं. ती हात धुऊन येते म्हणावं तसं म्हणाली, "आईचं मी काढलं. मग माझं कुठल्या तोंडानं ठेवू?" त्यावर नवऱ्यानं, बापानं, लिंगायतानं काय बोलायला पाहिजे होतं हे शरणबसप्पा पुढं बरेच दिवस शोधत होते. त्या वेळी ते म्हणाले होते, थोडं खाऊन घे.

म्हणून वैशाखातली ती सकाळ. आणि आता ज्ञानोबाच्या भिंतीवरच्या बाणानं दाखवून दिलं होतं की तिथं पूजा नव्हतीच. पोरगी ऑफिसचं काम करत होती. हायवेच्या कडेनं दुकानाकडं चालताना शरणबसप्पांना राग आला नाही; राग कुणाचा यायचा, पोरीनं काही खोटं सांगितलं नव्हतं, तिनं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त इतके महिने आपण ज्या सकाळीकडं बघत होतो ती दुसऱ्याच कुणाची निघाली, असं काहीतरी त्यांना झालं. दुकान उघडून ते गादीवर बसले. पांढऱ्या गादीवर उन्हाचा चौकोन पडला होता. त्यांनी त्यात हात धरून बघितला, तळवा वर, आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून लगेच काढून घेतला.

कृष्णराज आला तो दुपारी. हा एका जिल्हा दैनिकाचा नळदुर्गचा वार्ताहर, आणि बसस्टँडसमोर त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. ही दोन कामं वेगळी आहेत असं त्याला कधी वाटलं नाही. माणूस आधी बातमीत यायचा आणि मग अभिनंदनाच्या फ्लेक्सवर; क्रम चुकला तर आधी फ्लेक्सवर आणि मग बातमीत. त्याच्या हिशोबी माणसाला गावात दिसण्याशी मतलब. ज्ञानोबाच्या हॉटेलातून त्याला कळलं होतं की यंत्राची कंपनी आपल्या लीलाची आहे, आणि मुंबई-दिल्लीच्या चॅनेलांना जे मिळेना ते आपल्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर बसलंय या विचारानं त्याचा चेहरा उजळला होता. तो गादीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, आप्पा, यंत्राबद्दल काहीतरी द्या. काहीही द्या.

इथं एक सांगितलं पाहिजे. बिराजदारांच्या दुकानात 'नाही' हा शब्द वडिलांच्या काळापासून नव्हता. गिऱ्हाईकानं मोरपंखी मागितली आणि ती नसली तर शेवाळी उलगडायची, शेवाळी आवडली नाही तर निळ्यात हिरवी झाक असलेली. पण उठून जाऊ द्यायचं नाही, आणि रिकाम्या हातानं तर मुळीच नाही. शरणबसप्पांचा हात मागच्या फळीकडं आपोआप जायचा. त्या दुपारी फळीवर दुसरं काही नव्हतं. जिच्यात पूजा होती असं वाटत होतं ती सकाळ होती, आणि ती पूजा नव्हती हे आता कळलं होतं. मग ती ठेवून तरी काय करायची. देव नसेल तर नसेल, निदान यंत्र तरी आपल्या घरात होतं.

"मी बघितलंय ते," ते म्हणाले.

कृष्णराजचं पेन थांबलं. "कुठं?"

"घरात. देवघरात. लीला घेऊन बसली होती."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना जाणवलं की आपल्याला बरंच माहीत आहे. काळं असतं. गुळगुळीत. आवळ्याएवढं. हाताला आधी गार लागतं, मग हाताचीच ऊब धरतं. डाव्याच तळव्यावर घ्यायचं. बटण? बटण नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. मग आप्पा, चालतं कशानं, असं कृष्णराजनं विचारलं. नजरेनं, ते म्हणाले. नुसतं बघत बसायचं. आणि बघितल्यावर काय होतं? ते ज्याचं त्याला, शरणबसप्पा म्हणाले. कृष्णराजनं हे सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याच्या बातमीदारीच्या आयुष्यात त्यानं इतकी प्रामाणिक बातमी दुसरी दिली नसेल.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर वरतीच ती आली. नळदुर्गच्या लेकीच्या मुठीत जगाचं भवितव्य. आणि खाली, नजरेनं चालणारं यंत्र, देवघरात झाली चाचणी. संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात शिवलीलेचा बारावीतला फोटो, शरणबसप्पांचा कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापलेला फोटो, आणि मधोमध एक काळा गोळा, जो कृष्णराजनं संगणकावर स्वतः काढला होता आणि चमक दाखवायला ज्याला पांढरा ठिपका दिला होता. एवढ्यावर थांबतं तर चाललं असतं. पण पुण्याच्या एका वेबसाइटनं ती बातमी उचलली, तिथून बंगळुरूच्या इंग्रजीत गेली, तिथून बाहेर. कंपनीच्या बाहेरच्या कुणीतरी यंत्र प्रत्यक्ष बघितल्याची ही पहिलीच बातमी होती. आवळा परदेशात नसतो म्हणून तिथं त्याचं लिंबू झालं आणि लिंबाचा परत मराठीत येताना गोल्फचा चेंडू. एका तज्ज्ञानं बुबुळाची आकृती काढून नजरेनं यंत्र कसं चालू शकतं ते समजावलं. 'ते ज्याचं त्याला' या वाक्याचा अर्थ माणसागणिक वेगळी माहिती दाखवणारी प्रणाली असा लावण्यात आला, आणि त्याचं फार कौतुक झालं. सोलापूरहून दोन यूट्यूबवाले येऊन देवघराचं दार बाहेरून टिपून गेले. जळकोटचे, अणदूरचे लोक दुकानात येऊन, टॉवेल-टोपी घेता घेता, आप्पा, आमच्या पोराला चिकटवता येईल का तिथं, असं विचारू लागले. आणि खरं सांगायचं तर शरणबसप्पांना हे आवडू लागलं. जी सकाळ इतके दिवस एकट्यानं बघावी लागत होती ती आता सगळ्यांनी बघितली होती. शिवलीला तेवढी फोन उचलत नव्हती. कामात असेल, ते म्हणायचे. जगाचं भवितव्य म्हटल्यावर काम असणारच.

तिचा फोन आला तेव्हा दुकानात हंगरग्याच्या एका घराचा लग्नाचा बस्ता चालला होता. नवरीकडच्या बाया, नवऱ्याकडच्या बाया, मध्ये साड्यांचा ढीग, आणि नवरी मुलगी शिवकन्या कुणी काही विचारलं की नुसती पदर चाचपत होती. शरणबसप्पा फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथं नव्या मालाचे गठ्ठे होते; खळीचा वास; दोन गठ्ठ्यांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. ते बसले.

"आप्पा, तुम्ही काय बघितलं होतं?" शिवलीलेनं विचारलं. ती ओरडेल अशी त्यांची तयारी होती. आवाज दवाखान्यातल्या बाकावरचा होता.

"यंत्र," ते म्हणाले. "तुझ्या हातात. वैशाखात, आपल्या देवघरात."

बाहेर कुणीतरी ह्याच काठात जांभळी दावा म्हणत होतं.

"ते लिंग होतं, आप्पा."

मग तिनं सांगितलं. कंपनीच्या लोकांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं होतं. टेबलावर बातमीची तीन भाषांतरं ठेवली होती, आणि तिनं मूळ वाचून दाखवावं असा त्यांचा आग्रह होता, म्हणून बापाचं बोलणं तिनं त्यांना मराठीत वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, तू घरी काय नेलं होतंस. तिनं गळ्यातला दोरा सोडला आणि डबी टेबलावर ठेवली. कारण ती ते तेव्हा घालत होती. वैशाखातल्या त्या सकाळपासून रोज घालत होती, रोज सकाळी बसत होती, बंगळुरूच्या आपल्या एका खोलीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. रबराचे मोजे घातलेल्या माणसानं ते पारदर्शक पिशवीत टाकलं, पिशवीवर नंबर घातला. ते कुठल्याशा मशीनखाली ठेवलं. वरचा काळा थर कशाचा आहे, आत काय आहे, उघडता येतं का, हे सगळं त्यांनी विचारलं, फार सभ्यपणानं.

"हे कशाला जोडलेलं आहे, असं विचारलं त्यांनी," शिवलीला म्हणाली. "मी म्हटलं, मला अजून माहीत नाही."

"नोकरी?"

"आहे. माफी मागितली त्यांनी, सगळ्यांसमोर. चांगली माणसं आहेत, आप्पा. पगारसुद्धा वाढवला."

"आणि ते? दिलं ना परत?"

"दिलं."

"मग घाल की बाळ परत."

"कुणी हिसकावलं नाही ना पण. गाठ मीच सोडली. ह्या वेळी तर लगेच सुटली." ती म्हणाली. "चार-पाच वेळा बसले. हातात घेतलं की ते टेबल दिसतं. नंबर दिसतो. आई कधीतरी दिसायची, आता टेबल दिसतं."

शरणबसप्पांनी गठ्ठ्यावरची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तेव्हाच मला का नाही सांगितलंस, असं ते म्हणाले. म्हणायला नको होतं हे म्हणताना कळत होतं. ती म्हणाली, सांगणारच होते, आधी आपल्याला जमतंय का बघू म्हटलं, तुम्हाला जो आनंद झाला असता तो मोडायची भीती वाटली. आणि मग, तक्रार न करता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "तुम्ही का नाही विचारलं, आप्पा?"

बाहेरून हाक आली की आहेराच्या साड्या दाखवायच्या राहिल्यात. तिलाही ती ऐकू गेली. जा, गिऱ्हाईक आहे, ती म्हणाली. आणि शरणबसप्पा खरंच गेले, गादीवर बसले, आहेराच्या साड्या उलगडल्या, ही घ्या, ही धुतली तरी विटत नाही, असं म्हणाले. शिवकन्येच्या आजीनं विचारलं, आप्पा, तुमच्या लेकीचं ते यंत्र कधी निघणार. ते म्हणाले, निघंल. नाही हा शब्द त्यांना त्या वेळीही सापडला नाही.

बस्ता उठून गेल्यावर ढिगाच्या घड्या घालताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. दारातून त्यांना काय दिसलं होतं? ओले केस, मान, कोपर, आणि काखेखाली निमिषभर काळा ठिपका. मग आवळ्याएवढं, गुळगुळीत, आधी गार आणि मग ऊब धरणारं, हे सगळं आपण कुठून आणलं? कृष्णराजला आपण आपल्याच गळ्यातल्याचं वर्णन सांगत होतो, साठ वर्षांचं, काडीची भर न घालता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की ते कसं असतं, आणि आपण बरोबर सांगितलं होतं, आणि सगळ्या जगाला ते यंत्र वाटलं. सगळ्यात आधी आपल्याला. यात कुणाची चूक काढावी हे त्यांनी बराच वेळ बघितलं. टीव्हीवाल्यांची काढली, कृष्णराजची काढली, दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्राचीसुद्धा काढून बघितली. घड्या संपल्या तरी सगळ्यांना वाटून झाल्यावर एक चूक उरत होतीच.

ते कृष्णराजकडं गेले. मशीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता, डोक्याकडून सुरुवात होऊन हळूहळू खाली. शरणबसप्पांनी सांगितलं, खुलासा छाप. कृष्णराज गडी वाईट नव्हता. त्यानं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काय लिहू आप्पा? यंत्र न्हवतं, देव होता? निम्मे हसतील, निम्मे भांडायला येतील. अन् लीलाचं नाव पुन्यांदा पेपरात." त्यानं असंही म्हटलं, की लेकीनं पूजा केली ही बातमी होत न्हाय. शरणबसप्पांना ते पटलं. बातमी झाली नसती म्हणूनच ती आपली होती, असं काहीतरी त्यांच्या तोंडात आलं होतं, पण मशीन पुन्हा सुरू झालं आणि वाढदिवसवाल्याचा गॉगल छापून यायला लागला.

गावानं शरणबसप्पांचा सत्कार ठरवला होता, तो झाला. हायस्कूलच्या पटांगणात मंडप, फेटा, नारळ. शाल त्यांच्याच दुकानातून गेली होती, त्यामुळं ती अंगावर पडताच ती कुठल्या गठ्ठ्यातली आणि तिचा रंग पहिल्या धुण्यात किती जाणार हे त्यांना कळलं. मुख्य पाहुणे खूप बोलले, विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम आपल्या तालुक्यात झाला असं म्हणाले, आणि बोलता बोलता खऱ्याच्या अगदी जवळ येऊन गेले. शरणबसप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, माइकनं शीळ घातली, कुणीतरी येऊन तो वाकवला. पुढच्या रांगेत ज्ञानोबा बसला होता, चांगला सदरा घालून. ते धन्यवाद म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, बोलायला बंदी आहे. टाळ्या जास्तच पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते देवघरात बसले. डबीतून काढलं, तळव्यावर घेतलं, भस्म लावलं. रोजच्यासारखी मान खाली घातली आणि त्यांना पहिल्यांदा त्याचा आकार दिसला. आवळ्याएवढं नव्हतं. लहान होतं. साठ वर्षांत ते केवढं आहे हे कधी दिसलं नव्हतं, आणि आता तेवढंच दिसत होतं. रुंदी, उंची, एका बाजूला वर्षानुवर्षं बोट लागून आलेला गुळगुळीतपणा. ते बसून राहिले. जगदेवी असती तर अशा वेळी तिनं तळव्याशी भांडण काढलं असतं. त्यांनीही प्रयत्न केला. मराठीत काही सुचेना, आणि कन्नडातला त्यांना एकच शब्द येत होता, तो तिनं मनगट धरून सांगितला होता.

आता ते विचारतात. दर रविवारी जेवलीस का, पाऊस आहे का, हे झाल्यावर शरणबसप्पा लेकीला विचारतात, बसलीस का गं. शिवलीला म्हणते, नाही आप्पा. कधी थोडं थांबून म्हणते, कधी लगेच. एकदा म्हणाली, काढून ठेवलंय समोर, बघते. पुढच्या रविवारी पुन्हा नाही म्हणाली. ते म्हणतात बरं. मग ती विचारते, तुम्ही, आणि ते बसलो म्हणतात, कारण बसणं हे तरी खरं असतं.

यंत्र बाजारात आलं नाही. फेब्रुवारीत कंपनीनं काम थांबवल्याचं जाहीर केलं. बॅटरी तापत होती.